धैवत-निषादांची ये-जा : मायनर स्केल शिकण्याच्या वाटांचा आढावा

घरात पेटी असेल तर हा लेख वाचताना ती जवळ घ्या. पांढरी सहाला सा धरा आणि तिथून वरच्या पांढरी सहापर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या ओळीनं वाजवा. काळीला हात लावायचा नाही. गंधार, धैवत आणि निषाद कोमल निघतात, बाकीचे स्वर शुद्ध. आपल्याकडे या स्वरांना आसावरी थाट म्हणतात. पियानो शिकवणारे याच स्वरांना ए नॅचरल मायनर म्हणतात. पट्ट्या त्याच आणि स्वरही तेच. तरीही पेटीवर चांगला हात बसलेला माणूस पियानोच्या पुस्तकातल्या मायनरच्या पानावर थबकतो, कारण तिथं एकाच नावाखाली तीन सप्तकं छापलेली असतात: नॅचरल, हार्मोनिक आणि मेलोडिक. तिसऱ्याचा तर आरोह एक आणि अवरोह दुसराच.

पेटीवरून पियानोकडे मी चाळिशीत वळले आणि या पानावर बरेच महिने अडकून राहिले. पुढे वेगवेगळी पुस्तकं चाळली, वेगवेगळ्या शिक्षकांकडे बसले, व्हायोलिन आणि गिटार शिकणाऱ्यांशी बोलले. मायनर कशी शिकावी याची प्रत्येकाची वाट वेगळी निघाली. त्या वाटांचा हा आढावा. माझं मत आधीच सांगते, म्हणजे वाचकाला ते पारखून घेता येईल. तीन मायनर स्केल ही छपाईची आणि परीक्षेची सोय आहे. प्रत्यक्ष संगीतात मायनर एकच असते. तिचं पूर्वांग पक्कं असतं, आणि उत्तरांगातले धैवत-निषाद गरजेप्रमाणे कोमल-शुद्ध अशी ये-जा करतात. आरोह-अवरोहाच्या संस्कारात वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याला हे पहिल्याच दिवशी सांगता येतं. तसं सांगितलं मात्र फार क्वचित जातं.

ही ये-जा का होते हे समजायला पेटीवरचा एक प्रयोग पुरेसा आहे. पांढरी तीन, पांढरी पाच आणि पांढरी सात एकदम दाबा, भाता चालू ठेवा. मग हात उचलून पांढरी सहा, वरची पांढरी एक आणि वरची पांढरी तीन दाबा. दुसरी कॉर्ड म्हणजे ए मायनरचं घर. पहिलीवरून दुसरीवर आलो, पण घरी पोचल्यासारखं वाटत नाही, नुसती जागा बदलल्यासारखी वाटते. आता तेच पुन्हा करा, फक्त पहिल्या कॉर्डमधली पांढरी पाच सोडून तिच्या शेजारची काळी चार घ्या. या वेळी पहिली कॉर्ड अधांतरी लटकते आणि दुसरी वाजल्यावर जीव भांड्यात पडतो. फरक एका पट्टीचा आहे. काळी चार हा पांढरी सहाच्या खाली अर्ध्या स्वरावर असलेला शुद्ध निषाद आहे, आणि त्याला वरच्या षड्जाची ओढ असते. कोमल निषाद पूर्ण एक स्वर खाली राहतो, त्यामुळे त्याला ती ओढ नाही. युरोपात अनेक आवाज एकत्र गाऊ-वाजवू लागले तेव्हा मुक्कामाच्या जागी ही ओढ त्यांना हवीशी झाली, म्हणून निषाद चढवला गेला. हीच हार्मोनिक मायनर. नाव हार्मनीवरून आलं, कारण तिचा उगमच कॉर्डच्या गरजेत आहे.

पण एक गरज भागवली की दुसरी अडचण उभी राहते. आता कोमल धैवत आणि शुद्ध निषाद यांच्यात तीन अर्धस्वरांचं अंतर पडलं. गाऊन पाहा: प, कोमल ध, शुद्ध नी, सा. मधली उडी गळ्याला सांभाळावी लागते. आपल्याला ती कीरवाणीमुळे ओळखीची आणि गोडही वाटते, पण युरोपातल्या गाण्याच्या परंपरेला ती खटकत होती. मग वर जाताना धैवतही चढवून पायऱ्या सारख्या केल्या. खाली येताना षड्जाकडे झेपावायचं नसतं, त्यामुळे दोन्ही स्वर पुन्हा कोमल. ही मेलोडिक मायनर. देस ऐकलेल्या कुणालाही याचं नवल वाटायला नको. देसमध्ये वर जाताना निषाद शुद्ध आणि उतरताना कोमल असतो, आणि म्हणून देस दोन आहेत असं कुणी म्हणत नाही.

पुस्तकातली तीन सप्तकं एकाच रचनेत कशी नांदतात ते पाहायला बाखचा ई मायनरमधला बुरे वाजवावा. ल्यूटसाठीच्या एका सूटमधला हा छोटा तुकडा आज गिटार शिकणारी मुलं हमखास वाजवतात. पांढरी तीनला सा धरा. सुरुवातीच्या काही मात्रांतच चाल खालच्या पंचमावर उतरते आणि तिथून वर चढताना धैवत-निषाद दोन्ही शुद्ध घेते, म्हणजे काळी एक आणि काळी दोन. षड्जाला स्पर्श करून ती लगेच उतरते ती कोमल निषाद, कोमल धैवत अशी, पांढरी दोन आणि पांढरी एकवरून. चढण आणि उतरण यांच्यात एका षड्जाएवढंच अंतर. हे वाजवून झाल्यावर मेलोडिक मायनर वेगळी पाठ करण्याची गरज उरत नाही, कारण हाताला कारण कळलेलं असतं. कीबोर्डच्या प्रत्येक क्लासमध्ये ऐकू येणारी बेटोव्हेनची ‘फ्यूर एलिझ’ ही तर ए मायनरचीच रचना. तिच्या पहिल्याच भागात ती काळी चार येते, आणि बहुतेक मुलं ती ‘इथं एक काळी लागते’ एवढंच म्हणून वाजवतात.

या विषयावरची सर्वांत स्वच्छ मांडणी मला पाश्चात्त्य पुस्तकात सापडली नाही, ती कर्नाटक संगीताच्या ७२ मेळांच्या तक्त्यात सापडली. २०वा मेळ नटभैरवी, २१वा कीरवाणी, २२वा खरहरप्रिय आणि २३वा गौरीमनोहरी. हे चार मेळ लागोपाठ येतात आणि चौघांचे सा, रे, ग, म, प एकच आहेत: रिषभ शुद्ध, गंधार कोमल, मध्यम शुद्ध. बदलतात ते फक्त धैवत आणि निषाद. दोन्ही कोमल असले की नटभैरवी, म्हणजे नॅचरल मायनर. धैवत कोमल आणि निषाद शुद्ध असला की कीरवाणी, म्हणजे हार्मोनिक. दोन्ही शुद्ध असले की गौरीमनोहरी, म्हणजे मेलोडिकचा आरोह. आपल्या पटदीपचे स्वर हेच. उरला चौथा पर्याय, धैवत शुद्ध आणि निषाद कोमल. तो खरहरप्रिय, आपला काफी थाट, आणि पाश्चात्त्यांचा डोरियन मोड. दोन स्वर, प्रत्येकाच्या दोन जागा, एकूण चार घरं. मायनरचा सगळा नकाशा एवढाच. भातखंडे यांच्या दहा थाटांत आसावरी आणि काफी आहेत, कीरवाणी आणि पटदीप यांच्या स्वरांना स्वतंत्र थाट नाही. म्हणूनही असेल, उत्तर हिंदुस्थानी पद्धतीत शिकलेल्यांच्या मनात हा नकाशा आपोआप तयार होत नाही. तो एकदा कागदावर काढून पेटीवर ठेवावा.

इथं एक सावधगिरी हवी. नॅचरल मायनर म्हणजे आसावरी राग नव्हे, आणि हार्मोनिक मायनर वाजवली म्हणजे कीरवाणी झाला असंही नाही. दरबारी कानडा आणि जौनपुरी याच स्वरांतले, पण दरबारीचा आंदोलित गंधार पियानोच्या कुठल्याही पट्टीवर सापडत नाही. स्केल ही शिडी आहे, राग हा तिच्यावरून चालण्याचा ढंग आहे. उलट बाजूनंही हीच चूक होते. आपण तानपुऱ्यावर एका षड्जाशी नातं ठेवून ऐकतो, त्यामुळे कॉर्ड बदलली की षड्जाचा आधारच हलल्यासारखा वाटतो आणि पेटीवाला विद्यार्थी गोंधळतो. त्या हलण्याची सवय कानाला लावून घेणं हे आपल्या विद्यार्थ्याचं खरं काम आहे. सूर ओळखणं त्याला आधीच येत असतं.

मायनर इतक्या रूपांची का झाली याचं उत्तर इतिहासातही आहे. मध्ययुगीन चर्चसंगीत आठ मोडवर चालत होतं. १५४७ साली ग्लारेआनुस या स्विस विद्वानानं आपल्या ग्रंथात मोडची संख्या बारा केली आणि आजच्या नॅचरल मायनरला, म्हणजे एओलियनला, त्यात जागा दिली. पुढच्या दीडशे वर्षांत बारांतून दोनच ठळक उरले, मेजर आणि मायनर. मायनरच्या पोटात मात्र डोरियन आणि एओलियन दोघांचे अवशेष राहिले. म्हणूनच बरोक काळातल्या डी मायनरच्या कितीतरी रचना आरंभी एकही फ्लॅट न लिहिता छापलेल्या दिसतात. धैवत शुद्ध की कोमल, याचा निर्णय तेव्हा जागेवर होत असे.

१७२२ हे साल दोन कारणांनी लक्षात ठेवावं. त्या वर्षी फ्रेंच संगीतकार रामोचा हार्मनीवरचा ग्रंथ आला, आणि त्याच वर्षी बाखनं ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’चा पहिला भाग पूर्ण केला: बारा षड्ज, प्रत्येकावर एक मेजर आणि एक मायनर, म्हणजे चोवीस प्रील्यूड आणि चोवीस फ्यूग. त्याची रचना बघा. सी मेजरनंतर सी मायनर, मग सी शार्प मेजर, सी शार्प मायनर. षड्ज तोच ठेवून रंग बदलायचा. १८३९ साली शोपँचे चोवीस प्रील्यूड प्रसिद्ध झाले. त्यांचा क्रम निराळा: सी मेजरनंतर ए मायनर, जी मेजरनंतर ई मायनर. इथं पट्ट्या त्याच राहतात आणि षड्ज हलतो.

मायनर शिकवण्याच्या दोन मोठ्या वाटा या दोन क्रमांत पुरेपूर दिसतात. पहिली समान षड्जाची: सी मेजर येते ना, मग तिचा गंधार कोमल कर. दुसरी समान पट्ट्यांची: सी मेजर येते ना, मग तिच्याच पट्ट्या ए पासून वाजव. १८७३ साली आलेलं हॅनॉनचं व्यायामाचं पुस्तक आजही पियानोच्या घराघरांत असतं. तेही दुसऱ्याच वाटेनं जातं: प्रत्येक मेजरच्या मागे समान पट्ट्यांची मायनर, आधी हार्मोनिक, मग मेलोडिक. बहुतेक शिक्षक हाच क्रम धरतात, कारण वाचनासाठी तो सोयीचा आहे. कागदावर एकही शार्प-फ्लॅट नसेल तर रचना सी मेजरची किंवा ए मायनरची, हे त्यातून लगेच कळतं. मधेच जी शार्प, म्हणजे आपली काळी चार, दिसू लागला तर ए मायनरकडे पारडं झुकतं, हेही कळतं.

तरीही सुरुवात पहिल्या वाटेनं व्हावी असं माझं ठाम मत आहे. मायनर ऐकू येते ती षड्जाच्या संदर्भात. पट्ट्या तशाच ठेवून फक्त आरंभाची जागा बदलली तर सवयीचा कान मनात सी धरून बसतो, आणि ए पासून ए पर्यंत वाजवूनही विद्यार्थी मेजरच ऐकत राहतो. याउलट सुरपेटीवर षड्ज लावून, त्याच षड्जावर एकदा शुद्ध गंधार आणि एकदा कोमल गंधार गायला की सहा वर्षांच्या मुलालाही रंग बदललेला कळतो. आपण भूप आणि शिवरंजनी असंच शेजारी ठेवून शिकतो, दोन्हींत फरक फक्त एका गंधाराचा. समान पट्ट्यांचं नातं त्यानंतर, वाचन सुरू झाल्यावर सांगावं.

स्वरांची नावं घेण्याच्या पद्धतींमध्येही हीच दुफळी आहे. डो-रे-मीची फिरती पद्धत वापरणाऱ्यांपैकी काही मायनरचा षड्ज ‘ला’ म्हणून गातात, काही ‘डो’ म्हणून. पहिल्यांना कागद सोपा जातो, दुसऱ्यांना सूर. सारेगम दुसऱ्या गटात बसते. गोव्यात मात्र तिसरी पद्धत रुजली. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांतून संगीत शिकवलं गेलं ते स्थिर ‘डो’नं: डो म्हणजे कायम सी, स्केल कुठलीही असो. त्या शाळांतून व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन शिकून निघालेले वादक मुंबईत आले आणि हिंदी-मराठी सिनेमाच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. संगीतकार पेटीवर चाल सांगे, अरेंजर ती स्टाफवर उतरवून पन्नास वादकांच्या हातात देई, आणि चालीतला कोमल गंधार आणि कॉर्डमधला शुद्ध निषाद यांचा मेळ तिथं रोज बसवला जाई. सलील चौधरींनी ‘छाया’ (१९६१) मधल्या एका द्वंद्वगीताची सुरुवात मोझार्टच्या १७८८ सालच्या जी मायनर सिंफनीवरून घेतली, ती याच वातावरणात. आपल्या लोकांना मायनर परकी होती असं म्हणता येणार नाही. ती कानावरून वाहत होती, फक्त तिचं नाव आणि व्याकरण घराघरांत पोचलं नव्हतं.

आज ते व्याकरण पोचतं ते मुख्यतः ग्रेडच्या परीक्षांमधून. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या परीक्षा मुंबई, पुणे, गोवा इथं असंख्य मुलं देतात. या परीक्षांनी केलेलं भलं नाकारता येणार नाही. कुणीतरी ऐकणार आहे म्हटल्यावर स्केल रोज वाजतात. एबीआरएसएमच्या पियानोच्या सुरुवातीच्या ग्रेडना तिन्हीपैकी कुठलीही मायनर निवडण्याची मुभा असते, तीही योग्यच. पण तीन रूपं वेगवेगळ्या ओळींत छापली की मुलं ती तीन वेगळे धडे म्हणून पाठ करतात.

माझी भाची तशीच शिकली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती डी मायनरची तिन्ही रूपं दोन्ही हातांनी, दोन सप्तकं, न चुकता वाजवत होती. मी तिला म्हटलं, “आता तू खिडकीकडे तोंड करून उभी राहा, मी वाजवते, कुठली ते सांग.” मी हार्मोनिक वाजवली. ती म्हणाली, “नॅचरल?” मेलोडिक वाजवली, तर “मेजर झाली का मधेच?” म्हणाली. हा प्रश्न मला फार आवडला, कारण तिचा कान बरोबर सांगत होता. मेलोडिकच्या आरोहाचं उत्तरांग मेजरचंच असतं. तिला कुणी ते सांगितलं नव्हतं इतकंच. “मावशी, म्हणजे खालून मायनर आणि वरून मेजर?” असं तिनं विचारलं, आणि मग तासभर आम्ही एकाच डीवर चारही उत्तरांगं लावून बघत बसलो. वाजवण्यात ती माझ्या फार पुढे आहे. ऐकण्याचा भाग तिच्या शिक्षणातून गळाला होता, आणि तो भरून काढायला एक संध्याकाळ पुरली.

हाताच्या बाजूनं बोलायचं तर प्रत्येक वाद्याची मायनरमधली अडचण वेगळी असते. पियानोवर ए, डी, ई, जी आणि सी या पाच मायनरना उजव्या हाताची बोटं सी मेजरसारखीच पडतात: तीन बोटांनंतर अंगठा खालून काढायचा, मग उरलेले स्वर. ए हार्मोनिकमध्ये तीन अर्धस्वरांची उडी उजव्या हाताच्या तिसऱ्या आणि चौथ्या बोटात येते, आणि चौथं बोट मुळात दुबळं. तिथं हात कडक होतो. मनगट किंचित बाहेर जाऊ दिलं की उडी सुटते. बोटं ताणत बसलं तर दुखणं मागे लागतं. शोपँ शिष्यांना सी मेजर शेवटी देत असे आणि सुरुवात बी मेजरसारख्या काळ्या पट्ट्यांच्या स्केलपासून करून घेत असे, कारण लांब बोटं काळ्यांवर आणि अंगठा पांढऱ्यावर पडला की हात नैसर्गिक राहतो. मायनरलाही हे लागू पडतं. ए मायनर डोळ्यांना सोपी असते. हाताला मात्र उजवीकडे सी शार्प मायनर जास्त मानवते, कारण तिथं अंगठा ई आणि ए या पांढऱ्यांवर येतो. कागदावर चार शार्प दिसतात म्हणून मुलं तिला घाबरतात, पण पेटीवर काळी एकच्या पट्टीत वाजवणाऱ्याला घाबरायचं काहीच कारण नाही.

व्हायोलिनवर पट्ट्या नसल्यामुळे अर्धस्वर बोटांनीच मोजावा लागतो. डी हार्मोनिक मायनर घेतली तर ए तारेवर पहिलं बोट मागे ओढून बी फ्लॅटवर आणि दुसरं पुढे लोटून सी शार्पवर ठेवायचं असतं. दोन शेजारची बोटं एकमेकांपासून फाकतात, आणि तिसरं डीवर दुसऱ्याला चिकटतं. हा पंजा बसायला वेळ लागतो, पण एकदा बसला की निषादाची षड्जाकडची ओढ बोटाला स्पर्शानं कळते. गिटारवाल्यांची सुरुवात बहुतेक वेळा मायनर पेंटाटॉनिकनं होते, पाचव्या पडद्याजवळच्या चौकटीत. ते स्वर आपल्या धानीचे: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. यात धैवतच नाही आणि निषाद कायम कोमल, त्यामुळे मायनरचा सगळा अवघड भाग टळतो. दोन आठवड्यांत मूल काहीतरी वाजवू लागतं हा फायदा मोठा आहे. पण कितीतरी जण त्या चौकटीतच राहतात. पुढे कुणी शुद्ध निषादाची कॉर्ड वाजवली की त्यांचा कोमल निषाद तिच्यावर आदळतो आणि काय बिघडलं ते त्यांना उमगत नाही.

कीबोर्डवरच्या ट्रान्सपोज बटणाबद्दल माझी खरी तक्रार आहे. गायकाची पट्टी बदलली की ते बटण दाबून सगळं ए मायनरमध्येच वाजवता येतं. कार्यक्रमात ऐन वेळी ते उपयोगी पडतं हे मान्य. शिकणाऱ्यानं मात्र त्याला हात लावू नये. बारा षड्जांवर मायनर वाजवताना हाताला बारा वेगवेगळ्या उतरणी भेटतात आणि त्यांतूनच पट्टीची समज येते. बटणामुळे ती वाट कायमची बंद होते.

सराव कसा करावा यावर मतं पुष्कळ आहेत. एक स्केल शंभरदा घोटावी, ही जुनी रीत. २०१६ साली क्लॅरिनेटच्या दहा प्रगत वादकांवर केलेल्या एका अभ्यासात निराळी गोष्ट दिसली. एकच तुकडा सलग बारा मिनिटं घोटण्यापेक्षा दोन तुकडे तीन-तीन मिनिटांच्या पाळीनं आलटून पालटून घेतले, तर वादन बहुतांशी सरस ठरलं. दहा जणांवरून सगळ्यांसाठी नियम काढू नये, पण माझा अनुभव याला दुजोरा देतो. एका बैठकीत तीन षड्ज घ्यावेत, प्रत्येकावर उत्तरांगाची चारही घरं फिरावीत, मग पुढच्या षड्जावर जावं. आणि नुसतं खालून वर, वरून खाली करू नये. आपले पलटे इथं फार कामाचे आहेत. ‘सारेग, रेगम’ हा साधा पलटा हार्मोनिक मायनरमध्ये वाजवून पाहा. ‘धनीसा’ आणि ‘नीसारे’ या दोन तुकड्यांत ती उडी आणि ती ओढ इतकी उघडी पडते की पुस्तकाचं पान लागत नाही.

मायनर म्हणजे दुःख, हे समीकरण प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या तासाला मिळतं. १९९० सालच्या एका अभ्यासात अगदी तीन वर्षांची मुलंही मायनरच्या चालींना उदास चेहऱ्याशी जोडताना दिसली. २००१ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात पाच वर्षांची मुलं आनंद-दुःख लयीवरून ठरवताना दिसली, आणि मेजर-मायनरचा आधार सहा ते आठच्या वयात आला. दोन्ही अभ्यास पाश्चात्त्य संगीत ऐकत वाढलेल्या मुलांवरचे. आपल्या कानाला विचारलं तर मालकंसाचे पाचही स्वर नॅचरल मायनरमध्ये बसतात, आणि मालकंसाला कुणी रडका म्हणणार नाही, गंभीर म्हणेल. बाखची बी मायनरमधली ‘बादिनरी’ तर हसत उड्या मारत जाते. मुलांना मायनर दुःखी म्हणून शिकवली की मुलं ती हळू आणि मऊ वाजवू लागतात, आणि स्केलचा स्वतःचा कणखरपणा हातातून जातो.

जाता जाता एक बारकावा. पेटी किंवा पियानो सम अंतरांत लावलेला असतो, त्यामुळे त्यावरचा कोमल गंधार शुद्ध ६:५ प्रमाणाच्या गंधारापेक्षा सुमारे १६ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) खाली असतो. तानपुऱ्यावर गाणाऱ्याला हे टोचतं, आणि ते टोचणं खरं आहे. त्यासाठी वाद्य टाकून देऊ नये. वाजवून झालं की तोच गंधार तानपुऱ्यावर गाऊन घ्यावा, कान जागेवर राहतो.

तीन रूपं गुणिले बारा षड्ज, अशा छत्तीस मायनर स्केल पुस्तकात असतात, आणि त्या आकड्यानंच कितीतरी मुलं खचतात. पण पूर्वांग बाराच, आणि प्रत्येकाच्या वरच्या अंगाला दोन हलते स्वर. शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मायनरचं पान उघडाल त्या दिवशी तिन्ही ओळी वाचायला लावण्याआधी विद्यार्थ्याला पांढरी पाच आणि काळी चार, दोन्ही त्या कॉर्डमध्ये ऐकवा, आणि कुठली घरी नेते ते त्याला सांगू द्या.